शीतक पाती आणि सांत घटक पद्धती : एका गणनापद्धतीचा संज्ञांच्या आधारे इतिहास

१

काही वर्षांपूर्वी अभियांत्रिकीचा एक पदव्युत्तर विद्यार्थी प्रस्तुत लेखकाकडे एक शंका घेऊन आला. मोटारसायकलच्या इंजिनावर जी पातळ, समांतर धातूची पाती असतात आणि ज्यांस कारखान्यात सरसकट ‘फिन’ म्हणतात, त्या पात्यांतील उष्णतावहनाचे गणित संगणकाकडून सोडवून घेण्यासाठी तो आज्ञावली लिहीत होता, आणि त्याचबरोबर आपल्या प्रबंधाचा सारांश त्यास मराठीत लिहावयाचा होता. त्याच्या पाठ्यग्रंथात पानोपानी ‘स्टिफनेस मॅट्रिक्स’ व ‘लोड व्हेक्टर’ या संज्ञा येत होत्या. त्याने पहिलीचे ‘ताठरता आव्यूह’ व दुसरीचे ‘भार सदिश’ असे भाषांतर केले, आणि मग तो स्वतःच अडखळला. पाते वाकत नाही, त्यावर कोणताही भार ठेविलेला नाही. मग ताठरता कशाची आणि भार कशाचा?

त्या वेळी ‘ही त्या शास्त्रातील रूढी आहे’ एवढेच उत्तर मी दिले. ते चुकीचे नव्हते, परंतु भाषेच्या अभ्यासकास शोभणारेही नव्हते. रूढी म्हणजे विस्मृतीत गेलेला इतिहास होय. एखादा शब्द जेथे अर्थाने बसत नाही तेथे तो आढळला, तर तो दुसरीकडून आला आहे आणि आपल्या पूर्वीच्या घराची खूण अंगावर बाळगून आहे, असे समजावयास हरकत नसते. या लेखात सांत घटक पद्धतीचा, म्हणजे इंग्रजीत ‘फायनाइट एलेमेंट मेथड’ या नावाने जी ओळखली जाते तिचा, इतिहास अशा शब्दांच्या आधारे पाहण्याचा प्रयत्न केला आहे. शीतक पात्याचे उदाहरण मुद्दाम निवडले आहे. कारण हा प्रश्न या पद्धतीहून सुमारे दीडशे वर्षांनी जुना असून त्याचे अचूक उत्तर सूत्ररूपाने उपलब्ध आहे.

२

प्रथम मूळ प्रश्न पाहू. धातूच्या दांड्याचे एक टोक तापविले, तर उष्णता दांड्यातून पुढे जाते आणि जाता जाता त्याच्या पृष्ठभागावरून हवेत निसटते. दांड्याच्या निरनिराळ्या ठिकाणी तापमान किती असेल? फ्रान्समधील बियो याने १८०४ मध्ये या प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला, परंतु त्याचे समाधानकारक गणिती समीकरण त्यास मांडता आले नाही. ते काम ग्रनोब्ल येथे प्रशासकाच्या पदावर असलेल्या जोसेफ फूरिये याने केले. त्याने २१ डिसेंबर १८०७ रोजी पॅरिसच्या विद्वत्संस्थेस सादर केलेला प्रबंध लाग्रांज, लाप्लास, मोंज व लाक्रवा या चौघांकडे परीक्षणार्थ गेला. लाग्रांजच्या आक्षेपांमुळे तो तसाच पडून राहिला आणि उष्णतेच्या विश्लेषक सिद्धांतावरील फूरियेचा ग्रंथ प्रकाशित होण्यास १८२२ साल उजाडले.

फूरियेने मांडलेले दांड्याचे समीकरण आणि आजच्या शीतक पात्याचे समीकरण एकच आहे. दांड्याचा अत्यंत लहान तुकडा घ्यावयाचा, त्यात एका बाजूने येणारी उष्णता, दुसऱ्या बाजूने जाणारी उष्णता आणि पृष्ठभागावरून निसटणारी उष्णता यांचा हिशेब मांडावयाचा, आणि तो तुकडा शून्याकडे नेत अवकल समीकरण मिळवावयाचे, अशी ही रीत आहे. या लहान तुकड्यास त्या काळच्या फ्रेंच गणितज्ञांचा शब्द ‘एलेमां’ असा होता. म्हणजे ‘एलेमेंट’ हा शब्द या प्रश्नात प्रारंभापासूनच आहे. मात्र त्याचा अर्थ अनंतसूक्ष्म तुकडा असा होता.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात ठेविली पाहिजे. फूरियेच्या विचाराचा आरंभ अखंड दांड्यापासून झालेला नव्हता. एका ओळीत मांडलेल्या, परस्परांना उष्णता देणाऱ्या काही सुट्या वस्तू कल्पून त्याने प्रथम विचार केला आणि नंतर त्या वस्तूंची संख्या वाढवीत नेऊन तो अखंड पदार्थाकडे वळला. १८२२ च्या ग्रंथातही सुट्या वस्तुमानांमधील उष्णतेच्या देवघेवीवर स्वतंत्र विभाग आहे. म्हणजे सुट्याकडून अखंडाकडे हा फूरियेचा मार्ग होता. विसाव्या शतकात अभियंत्यांनी त्याच वाटेने उलट प्रवास केला.

३

दांड्याचे पाते झाले ते विमानाच्या इंजिनामुळे. हवेने थंड होणाऱ्या इंजिनांच्या नळकांड्यांवरील पात्यांचे पद्धतशीर गणित हार्पर व ब्राउन या दोघांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैमानिकी सल्लागार समितीच्या १५८ क्रमांकाच्या अहवालात १९२२ मध्ये मांडले. पात्याच्या टोकाच्या कडेवरून जाणारी उष्णता हिशेबात धरण्यासाठी पात्याची लांबी त्याच्या जाडीच्या निम्म्याने वाढवून घ्यावी, ही आजही वापरात असलेली युक्ती त्यांचीच. १९२६ मध्ये जर्मनीतील एर्न्स्ट श्मिट याने कमीत कमी धातूत जास्तीत जास्त उष्णता बाहेर टाकणारे पाते टोकाकडे निमुळते होत जाणारे, अन्वस्ताकार छेदाचे असावे, असा निष्कर्ष काढला.

उदाहरणादाखल एक साधे पाते घेऊ. त्याची लांबी ५ सेंटिमीटर, जाडी १ मिलिमीटर; धातूची उष्णतावाहकता दर मीटरला दर अंशास २०० वॉट, म्हणजे ढोबळपणे ॲल्युमिनियमची; आणि पृष्ठभागावरून दर चौरस मीटरला दर अंशास ४० वॉट उष्णता हवेत जाते असे धरू. बुडाशी तापमान १३० अंश व हवेचे ३० अंश असल्यास टोकाशी तापमान किती? टोकाच्या कडेवरून उष्णता जात नाही असे मानले, तर अचूक सूत्राने उत्तर ९४.८ अंश येते. हे पाते सबंध बुडाइतकेच तापलेले राहते तर जेवढी उष्णता बाहेर गेली असती, तिच्या सुमारे ७६ टक्के उष्णता प्रत्यक्षात जाते. पात्याची लांबी दुप्पट केली तर धातू दुप्पट लागतो, पण बाहेर जाणारी उष्णता अवघी २७ टक्क्यांनी वाढते. पाती आखूड व पुष्कळ का असतात, याचे एक कारण या आकड्यांत आहे.

परंतु हे सूत्र सरळ, सारख्या जाडीच्या पात्यापुरतेच उपयोगी आहे. पाते नळकांड्याभोवती वर्तुळाकार असेल तर अधिक अवघड फलने लागतात. त्यास भोके असतील, एका बाजूस वारा अधिक लागत असेल, आकार ओतकामाच्या सोयीने वेडावाकडा झाला असेल, तर सूत्र हाती लागत नाही. प्रत्यक्षातील बहुतेक पाती या दुसऱ्या प्रकारची असतात.

४

सूत्र नसेल तेथे अदमासाने उत्तर काढण्याच्या दोन वाटा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तयार झाल्या. पहिली गणितज्ञांची. अज्ञात फलन काही ठराविक, सोप्या फलनांच्या बेरजेने दाखवावयाचे आणि ऊर्जेसारखी एखादी राशी न्यूनतम होईल अशा रीतीने त्यांचे गुणक ठरवावयाचे, ही कल्पना वाल्टर रिट्झ याने १९०९ मध्ये मांडली. त्याच वर्षी तो ऐन तरुणपणी निवर्तला. १९१५ मध्ये रशियातील गालेर्किन याने तिला अधिक व्यापक रूप दिले. गटिंगेन सोडावे लागल्यावर न्यूयॉर्क येथे स्थायिक झालेल्या रिचर्ड कुरांट याने १९४१ मध्ये अमेरिकन गणित संस्थेपुढे दिलेले व्याख्यान १९४३ मध्ये छापले गेले. त्याच्या परिशिष्टात क्षेत्राचे त्रिकोण पाडून प्रत्येक त्रिकोणावर सरळरेषीय फलन घेण्याची रीत दाखविलेली आहे. आजच्या सांत घटक पद्धतीचा गणिती गाभा तेथे आहे. नाव मात्र नाही.

दुसरी वाट रचनांच्या अभियंत्यांची. १९४१ मध्ये ह्रेनिकॉफ याने अखंड पत्र्याच्या जागी दांड्यांची जाळी कल्पून गणित केले. पुढे जेट विमानांचे मागे वळलेले व त्रिकोणी पंख आले, आणि पंख म्हणजे एक लांब तुळई असे मानून केलेले हिशेब अपुरे पडू लागले. बोइंग कंपनीत टर्नर यांच्या नेतृत्वाखाली या प्रश्नावर काम चालू होते. बर्कली येथील प्राध्यापक क्लफ हे १९५२ व १९५३ च्या उन्हाळ्यांत तेथे होते. टर्नर, क्लफ, मार्टिन व टॉप या चौघांचा निबंध १९५४ च्या जानेवारीत वाचला गेला व १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. याच सुमारास, १९५४–५५ मध्ये, लंडनमध्ये आर्गिरिस यांनी ऊर्जेच्या प्रमेयांवर आधारलेली लेखमाला लिहून रचनांचे सर्व गणित आव्यूहांच्या, म्हणजे संख्यांच्या चौकटींच्या, भाषेत मांडले.

या दुसऱ्या वाटेवरील मंडळींच्या दृष्टीने पंखाचा प्रत्येक तुकडा हा खराखुरा तुकडा होता. त्यास ढकलले असता तो किती हलतो, हा त्यांचा प्रश्न. त्या प्रश्नाचे उत्तर देणारी संख्यांची चौकट ती ‘स्टिफनेस मॅट्रिक्स’, आणि ढकलणारी बले तो ‘लोड’. येथे हे शब्द अक्षरशः खरे आहेत. माझ्या विद्यार्थ्यास पडलेल्या कोड्याचे मूळ या पंखात आहे.

५

‘फायनाइट एलेमेंट’ हे नाव क्लफ यांनी १९६० मध्ये पिट्सबर्ग येथे वाचलेल्या निबंधाच्या शीर्षकात आले. १९५६ च्या निबंधात ते नाही. भाषाशास्त्रात असे मानतात की शब्दाचे मोल तो कोणापासून वेगळा दाखविला जातो त्यावर ठरते. या नावात भर ‘फायनाइट’ या विशेषणावर आहे. ‘एलेमेंट’ म्हटले की गणित शिकलेल्या माणसाच्या मनात फूरियेच्या परंपरेतील अनंतसूक्ष्म तुकडा उभा राहतो; हा तुकडा तसा नाही, यास लांबी-रुंदी आहे, तो मोजता येतो, एवढे हे विशेषण सांगते. शून्याकडे न्यावयाचा तुकडा शून्याकडे न नेता मध्येच थांबविला, हेच या पद्धतीचे वैशिष्ट्य, आणि ते नावात उतरले आहे.

जाता जाता एका समजुतीचे निरसन केले पाहिजे. ‘फिन’ व ‘फायनाइट’ यांत काही नाते असावे असे वरवर वाटते, ते नाही. पहिला शब्द माशाच्या पराचे जुने इंग्रजी नाव आहे, तर दुसरा लॅटिनमधील ‘फीनिस’, म्हणजे शेवट वा सीमा, यापासून निघाला आहे. मराठीतील ‘सांत’ हा शब्द (स + अन्त) याच दुसऱ्या अर्थाचा तंतोतंत प्रतिशब्द होय. हिंदीत ‘परिमित अवयव’ असा पर्याय प्रचलित आहे. तोही सदोष नाही, परंतु ‘अनंत’ या शब्दाशी असलेला विरोध ‘सांत’ जितका उघड करतो तितका ‘परिमित’ करीत नाही.

नाव मिळाल्यावर पद्धतीचा इतिहास लिहिणे सोपे होते आणि चुकीचा लिहिणेही सोपे होते. नावाच्या मागावर गेलेला संशोधक १९६० पर्यंत पोहोचतो आणि थांबतो. कुरांटचा त्रिकोण त्याच्या हाती लागत नाही. चीनमध्ये फंग कांग याने धरणांच्या गणनेच्या निमित्ताने, पश्चिमेकडील कामाशी संबंध न येता, हीच पद्धती विकसित करून १९६५ मध्ये प्रसिद्ध केली. त्याच्या निबंधाच्या शीर्षकात चलन तत्त्वावर आधारलेली अंतर-योजना अशा अर्थाचे शब्द आहेत. एक वस्तू, तीन देश, तीन नावे. शोध कोणी लावला या वादात जो तो आपल्या नावाचा इतिहास सांगतो, वस्तूचा नव्हे, हे लक्षात घेतले म्हणजे त्या वादाची धार पुष्कळ कमी होते.

६

पंखाची पद्धती पात्याकडे आली ती १९६५ मध्ये. झिएन्किएविच व चुंग यांनी त्या वर्षी असे दाखविले की, जो प्रश्न एखादी राशी न्यूनतम करण्याच्या स्वरूपात मांडता येतो, तो या पद्धतीने सोडविता येतो. मग त्यात बल असो वा नसो. उष्णतावहन, भूमिगत पाण्याचा झिरपा, विद्युत्क्षेत्र ही सर्व दालने त्यायोगे उघडली. अभियंत्यांची वाट आणि रिट्झ-कुरांट यांची वाट येथे एकमेकींस मिळाल्या. लगेच १९६६ मध्ये बर्कलीचे विल्सन व निकेल यांनी कालानुसार बदलणाऱ्या उष्णतावहनास ही पद्धती लावून दाखविली.

विचार व्यापक झाला, पण शब्द तेच राहिले. यास व्यावहारिक कारण होते. रचनांसाठी लिहिलेली आज्ञावली उष्णतेस जवळजवळ तशीच चालत असे. विस्थापनाच्या जागी तापमान वाचावयाचे, बलाच्या जागी उष्णतेचा ओघ, आणि ताठरतेच्या जागी वाहकता. ज्यांनी आज्ञावली उचलली त्यांनी तिच्यातील नावेही उचलली. फोरट्रान ही भाषा बॅकस व त्याच्या सहकाऱ्यांनी आयबीएमच्या ७०४ या यंत्रासाठी १९५७ मध्ये सिद्ध केली. तिचे नावच मुळी ‘सूत्रांचे भाषांतर’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांचा संक्षेप आहे. तिच्यात राशीचे नाव सहा अक्षरांहून लांब चालत नसे, आणि ‘आय’पासून ‘एन’पर्यंतच्या रोमन अक्षरांनी आरंभ होणारे नाव, वेगळे सांगितले नसेल तर, पूर्णांकाचे समजले जाई. ताठरतेचे रूढ चिन्ह ‘के’ हे नेमके त्या पट्ट्यात येते. म्हणून त्याच्या आधी दुसरे अक्षर जोडणे किंवा संज्ञेचा तुकडा पाडून वापरणे भाग होते. अशी आखडलेली नावे आज्ञावलीतून आज्ञावलीत जात राहिली. त्यांचा अर्थ विचारण्याची गरज यंत्रास नव्हती.

७

आता वरील पात्याचे गणित या पद्धतीने करून पाहू. कारण पद्धती काय करते हे आकड्यांवाचून नीट कळत नाही. हवेच्या तापमानापेक्षा पाते किती अधिक तापले आहे एवढेच मोजू. बुडाशी ते १०० अंश आहे. सबंध पाते हा एकच घटक मानू आणि त्यात तापमान सरळ रेषेत उतरते असे धरू. आपल्या पात्याचे आकडे असे आहेत की मापे योग्य घेतल्यास सर्व गुणक साध्या अपूर्णांकांत येतात. टोकाच्या समीकरणात टोकाच्या तापमानाचा गुणक वहनाचा १ आणि पृष्ठभागावरील क्षयाचा १/३ मिळून ४/३ होतो. बुडाच्या तापमानाचा गुणक वहनाचा उणे १ आणि क्षयाचा १/६ मिळून उणे ५/६ होतो. म्हणून टोकाचे तापमान बुडाच्या ५/८, म्हणजे ६२.५ अंश. अचूक उत्तर ६४.८१ आहे. कागदाच्या कपट्यावर, दोन ओळींत, चूक अवघी २.३ अंशांची.

पात्याचे दोन घटक केले तर ६४.२८ येते, चार केले तर ६४.६८. चूक अनुक्रमे २.३१, ०.५३ व ०.१३ अंश; म्हणजे तुकडे दुप्पट केले की चूक सुमारे चतुर्थांश होते. पद्धती बरोबर चालली आहे की नाही हे ओळखण्याची ही खूण होय. नवी आज्ञावली लिहिणाऱ्याने ती प्रथम अशा पात्यावर चालवावी आणि चूक या प्रमाणात घटत नसेल तर पुढे जाऊ नये.

आज्ञावलीची रचना यावरून ध्यानात येईल. प्रत्येक घटकाची लहान चौकट काढावयाची, त्या सर्व मिळवून एक मोठी चौकट भरावयाची, बुडाचे ज्ञात तापमान तीत घालावयाचे आणि समीकरणे सोडवावयाची. यातील मिळवणीची पायरी भाषेच्या अभ्यासकास परिचयाची वाटते. प्रत्येक घटकात ‘पहिले टोक’ व ‘दुसरे टोक’ असे दोनच शब्द असतात, आणि प्रत्येक घटकागणिक ते वेगळ्या बिंदूंना लागतात. संभाषणातील ‘मी’ व ‘तू’ यांसारखे ते आहेत. बोलणारा बदलला की त्यांचा निर्देश बदलतो. कोणत्या घटकाचा ‘मी’ म्हणजे पात्यावरील कोणता बिंदू, याची सूची आज्ञावलीत स्वतंत्रपणे द्यावी लागते. एका घटकाचे ‘दुसरे टोक’ हेच पुढच्याचे ‘पहिले टोक’, हे यंत्रास सांगितले नाही तर पात्याचे तुकडे सुटेच राहतात.

याबरोबरच एक इशाराही दिला पाहिजे. पृष्ठभागावरील उष्णताक्षयाचा ४० हा आकडा आपण गृहीत धरला. वाऱ्याचा वेग थोडा बदलून तो ५० झाला, तर अचूक सूत्रानेच टोकाचे उत्तर ५९.१ येते, म्हणजे जवळजवळ सहा अंशांचा फरक. एका घटकाने केलेल्या ढोबळ गणिताच्या चुकीपेक्षा हा फरक दुपटीहून अधिक आहे. हजारो घटक घेऊन दशांशाच्या चौथ्या स्थानापर्यंत उत्तर छापणाऱ्या विद्यार्थ्याने हे विसरता कामा नये. घटक वाढविल्याने समीकरणाचे उत्तर अचूक होते. समीकरण पात्यास लागू आहे की नाही, याचा निवाडा घटक करीत नाहीत.

८

ही पद्धती भारतात गणिताच्या अंगानेही लवकर शिकविली गेली. फिलिप सिआर्ले यांनी १९७५ मध्ये बंगळूर येथे दिलेली या विषयावरील व्याख्याने त्याच वर्षी मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. अभ्यासक्रमांत आता ती सर्वत्र आहे. मराठीत मात्र तिच्याविषयी लिहू पाहणाऱ्यास पहिल्याच पानावर माझ्या विद्यार्थ्याप्रमाणे अडखळावे लागते.

त्यावर सुचवावयाचे ते एवढेच. इंग्रजी संज्ञेचे शब्दशः भाषांतर करण्यापूर्वी ती संज्ञा कोणत्या घरातून आली याची चौकशी करावी. पंखाच्या गणितात ‘ताठरता आव्यूह’ व ‘भार सदिश’ योग्यच आहेत. पात्याच्या गणितात ‘वाहकता आव्यूह’ व ‘ओघ सदिश’ म्हणावे. दोन्हींस सामावून घेणारे सर्वसाधारण नाव हवे असेल तेथे ‘घटक आव्यूह’ पुरेसे आहे. इंग्रजी वाचणारास जुना शब्द सवयीने पटतो, कारण त्याच्या भाषेत तो इतिहासातून चालत आला आहे. आपल्या भाषेत तो इतिहासावाचून येईल आणि केवळ गोंधळ माजवील. पारिभाषिक शब्द उसना घेणे यात उणेपणा काही नाही. परंतु उसने घेताना त्यावरील मागच्या मालकाचे नावही आपण मराठीत उतरवून घेत नाही ना, एवढे पाहणे आपले काम आहे.

त्या विद्यार्थ्याने अखेर आपल्या सारांशात ‘वाहकता आव्यूह’ असे लिहिले. त्याच्या शंकेस तेव्हा जे उत्तर द्यावयास हवे होते, ते या लेखाच्या रूपाने उशिरा का होईना दिले आहे.